चकचकीत नक्कल

(धागा मोठा आहे. सवडीने वाचावा.)

१/
परवा जुन्या वाहनांच्या एका प्रदर्शनातील छायाचित्र इथे अनेकांनी हौसेने पुढे पाठवले. दुसऱ्या महायुद्धातील बीएसए एम-२० मोटारसायकल: टाकीला क्रोम, मुठींना काळेभोर रबर, चाकांच्या ताराही आरशासारख्या लखलखीत. खाली ओळ होती, 'अगदी कारखान्यातून बाहेर पडली तशी!' मित्रहो, युद्धकाळात ती कारखान्यातून तशी बाहेर पडलीच नव्हती. छायाचित्रातली गाडी इतिहासात कधीही अस्तित्वात नव्हती.

२/
माझे म्हणणे आधीच स्पष्ट मांडतो. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींचे आपल्याकडे जे 'रिस्टोरेशन' चालते, त्याला जीर्णोद्धार म्हणणे चूक आहे. अस्सल कागद खरवडून कोरा करायचा आणि त्याच कागदावर सुवाच्य अक्षरात नक्कल उतरवायची, असा तो प्रकार आहे. नक्कल नुसती नक्कल म्हणून ठेवली तर तिला कोणाचा आक्षेप नसतो. इथे ती अस्सलाच्या छातीवर बसून लिहिली जाते.

३/
आणि हे करणारे कोण? तटबंदीला सिमेंट फासले की संतापणारे, हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट दिसला की खात्याला पत्रे धाडणारे, वाळूच्या माऱ्याने धुतलेल्या शिल्पांची छायाचित्रे टाकून हळहळणारे आपणच. तोच वाळूचा मारा मोटारसायकलीच्या टाकीवर झाला की आपण खाली टाळ्यांची चिन्हे टाकतो.

४/
मला हे लिहिण्याचा अधिकार एकाच कारणाने आहे: हा गुन्हा मीही केला आहे.
माझ्या आजोळी, मिरजेजवळच्या एका गावात, एम-२० होती. आजोबांनी ती १९६३ साली दुसऱ्या की तिसऱ्या हाताने घेतली. तिच्यावर ते दुधाच्या घागरी घालून मिरजेला नेत. त्यासाठी मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी कड्या वेल्ड करून घेतलेल्या होत्या. ते गेल्यावर गाडी गोठ्याच्या आडोशाला बारा वर्षे पडून राहिली. एम.ए.च्या पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी तिचा 'उद्धार' करायचे ठरवले. हाताशी अनुभव शून्य आणि इंटरनेटवरची इंग्रजी चलच्चित्रे भरपूर.

५/
आधी या गाडीविषयी थोडे. बीएसए म्हणजे 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स', १८६१ साली बंदुका घडवण्यासाठी स्थापन झालेली कंपनी. बोधचिन्हातल्या तीन रचलेल्या बंदुका त्याच. व्हॅल पेज या अभियंत्याने आखलेली एम-२० १९३७ पासून बनू लागली. ४९६ घनसेंटिमीटरचे एकच सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, अश्वशक्ती अवघी १३. वेगात कोणालाही मागे टाकणारी ही गाडी नव्हे. ती सोपी होती, जड होती आणि हाल सोसणारी होती. ब्रिटिश लष्कराने युद्धकाळात सुमारे सव्वा लाख एम-२० घेतल्या. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बर्मिंगहॅममधील स्मॉल हीथच्या कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडून ५३ कामगार मेले. लष्करी गाड्यांच्या क्रमांकापुढे 'डब्ल्यूएम-२०' ही अक्षरे ठोकलेली असतात. आजोबांच्या गाडीच्या इंजिनावर ती आहेत.

६/
आता छायाचित्रातल्या रबरी मुठींकडे या.
फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. मलाया त्याआधीच जपानच्या हाती गेला होता आणि त्याबरोबर ब्रिटिश साम्राज्याच्या रबराचा मोठा साठा. परिणाम थेट मोटारसायकलीवर दिसतो: लष्करी गाड्यांच्या मुठींचे रबर गेले आणि तिथे कॅनव्हासचे आवरण आले, पाय टेकवण्याच्या दांड्यांवरचे रबर जाऊन नुसते लोखंड उरले. क्रोमचा प्रश्नच नव्हता, सगळ्यावर निस्तेज रंग. १९४३ च्या गाडीवर रबर नसणे ही उणीव नव्हे, ती साम्राज्याच्या पराभवाची नोंद आहे. तिच्यावर आज नवे कोरे रबर चढवणारा गृहस्थ सिंगापूरचा पाडाव पुसून टाकतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

७/
'ब्रिटिश' हा शब्दही जरा उघडून पाहू. या गाडीत ठिणगी पाडणारा लुकास कंपनीचा मॅग्नेटो असतो. त्याच्या तारांच्या वेटोळ्यांवर लाखेचा लेप असे. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश कोणता? हिंदुस्थान, छोटा नागपूरच्या जंगलांतली कुसुम आणि पळसाची झाडे. त्याच पेटीतल्या डायनमोत तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अभ्रक भरलेले असते. उत्तम अभ्रकाच्या खाणी तेव्हा हजारीबाग-कोडरम्याला. 'मेड इन इंग्लंड' हे खरे आहे, पण ते अर्धे वाक्य आहे.

८/
या लाखेची ओळख मला पुस्तकात झाली नाही. गाडी थंड असताना पहिल्या-दुसऱ्या किकेला सुरू होई, वीस मिनिटे उत्तम चाले आणि मग रस्त्याच्या मधोमध मरे. मी कार्ब्युरेटर सहा वेळा उघडला. फ्लोट बदलला, पेट्रोलची नळी बदलली, (आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला शिव्याही दिल्या, त्यातल्या काही रास्त होत्या.) अखेर कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका वृद्ध मिस्त्रींनी मॅग्नेटोवर नुसता हात ठेवला आणि निदान केले. सत्तर-ऐंशी वर्षांची लाख तापली की मऊ पडते, वेटोळ्यांतले विद्युतरोधन जाते, ठिणगी मरते. थंड झाली की पुन्हा जिवंत. शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या त्यांच्या शेजाऱ्याने नवे वेटोळे भरून दिले, या वेळी लाखेऐवजी आधुनिक वार्निश वापरून.
हा बदल 'मूळ' नाही. तो मी अभिमानाने सांगतो. का, ते पुढे येईल.

९/
नवशिक्याला पहिला धडा मात्र पान्यांचा मिळतो. माझ्याकडचा १३ चा पाना नटावर बसेना, १४ चा घसरे. कारण तो नट मिलिमीटरच्या जगातला नव्हताच. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या मँचेस्टरच्या यंत्रकाराने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापे ताडून पाहिली आणि आट्यांचे एक प्रमाण सुचवले: कोन ५५ अंश, पाव इंची बोल्टाला दर इंचात २० आटे. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला लागत नसे. पान्यावरचा आकडाही नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. म्हणून '१/४' लिहिलेल्या पान्याचा जबडा प्रत्यक्षात १३.३ मिलिमीटरचा.

१०/
यात आपलाही इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांतली यंत्रे लँकशायरहून आली, रेल्वेची इंजिने ब्रिटनमधून आली. त्यांच्याबरोबर व्हिटवर्थचे आटेही आले. गिरणगावातल्या जॉबर-फिटरांच्या कितीतरी पिढ्यांच्या हातांना मँचेस्टरचे माप पाठ होते. १९५६ च्या वजनमापे कायद्याने देश दशमान पद्धतीकडे वळला आणि ते माप हळूहळू हातांतून गेले. आज त्या ज्ञानाचे दफ्तर कुठे आहे? ते कोणी मोडीत लिहून ठेवलेले नाही. ते नटांच्या झिजलेल्या कोपऱ्यांत आहे, आणि उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या पत्र्याच्या डब्यात, जिथे त्यांनी स्वतः घासून घडवलेले अकरा पाने आहेत.

११/
(व्यवहाराची गोष्ट, कारण चार जणांनी तरी विचारले आहे: ८ मिलिमीटरचा बोल्ट ५/१६ इंची छिद्रात पहिले दोन आटे गुमान जातो, मग अडतो. तिथे थांबा. जोर लावाल तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे कायमचे जातील. मी एकदा लावला. शिवाय याच गाडीत काही ठिकाणी व्हिटवर्थ, तर पोलादी भागांवर इंचात २६ आट्यांचे सायकल-प्रमाण आहे. काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या छिद्राचे नाव लिहून पिशवीत ठेवणे हाच उपाय. आणि किक मारण्यापूर्वी ठिणगीची वेळ मागे नेणारी हँडलवरची दांडी नीट जागेवर आहे ना ते पाहा. मी पाहिली नाही. किक उलटली आणि पंधरा दिवस लंगडत ग्रंथालयात गेलो.)

१२/
आता माझ्या गुन्ह्याकडे.
इंजिन हाताळायची भीती वाटे, म्हणून मी सोप्या वाटणाऱ्या कामापासून सुरुवात केली: रंग. टाकी, सांगाडा, मडगार्ड सगळे सँडब्लास्टिंगला दिले. कड्या 'ओरिजिनल' नाहीत म्हणून ग्राइंडरने कापल्या आणि भंगारात घातल्या. मडगार्डावरचा पोचा काढून घेतला. गाडी परत आली ती उघड्या, करड्या, एकसारख्या लोखंडाची. मला वाटले, अहाहा, आता खरी गाडी दिसते आहे.
मिस्त्रींनी ती पाहिली आणि एकच वाक्य बोलले: 'अहो, कातडंच सोलून आणलंय की गाडीचं.'

१३/
हत्यारपेटीचे झाकण ब्लास्टिंगला द्यायचे राहून गेले होते. मिस्त्रींनी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्याचा एक कोपरा हळूहळू घासला. रंगांची वलये उघडत गेली. वरून खाली: चंदेरी, मरून, काळा, हिरवट, आणि सर्वांत तळाशी तपकिरी.
ब्रिटिश लष्कराने युद्धाच्या मधल्या वर्षांत वाहनांना तपकिरी रंग दिला आणि १९४४ पासून ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे हिरवट, लावायला सुरुवात केली. याचा अर्थ गाडी बहुधा मधल्या वर्षांत घडली आणि लष्करात असतानाच तिला दुसरा रंग चढला. काळा रंग नागरी आयुष्यातला पहिला असावा. मरून आजोबांचा, आजीला आठवतो. चंदेरी मामाने १९८६ च्या सुमारास दिला.

१४/
आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा इथे पहिला प्रश्न काय असायला हवा? हे झाकण याच गाडीचे कशावरून? लष्करी कार्यशाळांत सुटे भाग सर्रास अदलाबदल होत. पडताळण्याचा मार्ग एकच होता: टाकीवरचे थर याच क्रमाने निघतात का ते पाहणे. आणि टाकीवर आणखी एक गोष्ट मिळू शकली असती. ब्रिटिश लष्कराच्या मोटारसायकलींच्या टाकीवर 'सी' या अक्षरापासून सुरू होणारा गणनाक्रमांक रंगवलेला असे. चार थरांखाली तो असेल किंवा नसेल. असता तर त्यावरून गाडीच्या लष्करी आयुष्याचा माग काढण्याचा प्रयत्न तरी करता आला असता.
ती टाकी मी चारशे रुपयांत वाळूने धुऊन घेतली.

१५/
वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली, तेव्हापासून मराठी इतिहासलेखनाला अस्सल कागदाची चाड लागली. आपण अस्सल पत्र कशावरून ओळखतो? शिक्का, मोर्तब, हस्ताक्षर यांवरून. पण त्याबरोबर घड्यांवरून, पाठीवरच्या शेऱ्यावरून, कोणा कारकुनाने नंतर केलेल्या नोंदीवरूनही. पाठीवरचा शेरा 'मूळ' पत्रात नव्हता म्हणून तो खोडणाऱ्या संशोधकाला आपण काय म्हणू?
आजोबांच्या कड्या हा या गाडीच्या पाठीवरचा शेरा होता. साम्राज्याच्या युद्धासाठी घडलेले यंत्र स्वतंत्र देशात दूध वाहू लागले, याची ती एकमेव लेखी नोंद. आणि ती मी 'अस्सलपणा'च्या नावाखाली कापली.

१६/
यातून एक वाईट शंका येते. आपल्या हौशी मंडळींना 'मूळ स्वरूप' म्हणजे नेमके काय हवे असते? बर्मिंगहॅम हवे असते. मिरज नको असते. कारखान्याने लावलेला नट अस्सल. उद्यमनगरात ओतून, लेथवर कातून बसवलेला पिस्टन मात्र 'जुगाड'. माझ्या इंजिनातल्या पिस्टनवर कोणत्याच कंपनीची मुद्रा नाही. कोणीतरी, केव्हातरी, आयातीवर निर्बंध असताना आणि सुटे भाग मिळत नसताना, तो इथे घडवला आणि तो अजून चालतो आहे. बर्मिंगहॅममध्ये सव्वा लाख गाड्या घडवण्याइतकेच, त्यातली एक इथे अनेक दशके चालती ठेवणे हेही तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे प्रकरण आहे. पहिल्यावर इंग्रजीत पुस्तके आहेत. दुसऱ्याची साधने आपण भंगारवाल्याला किलोवर विकतो.

१७/
गंमत म्हणजे गाड्यांची ती ब्रिटिश नावे आता इथलीच आहेत. रॉयल एनफिल्ड १९५५ पासून मद्रासला बनू लागली आणि इंग्लंडमधला कारखाना बंद पडल्यावरही बनत राहिली. बीएसए हे नाव २०१६ साली महिंद्रा समूहातील कंपनीने विकत घेतले, नॉर्टन २०२० साली टीव्हीएसने. मालकी आली, न्यूनगंड मात्र गेला नाही.

१८/
आक्षेपांना उत्तर देतो, कारण ते येणारच.
'मग काय गंजलेली गाडी तशीच ठेवायची?' नाही. मोटारसायकल हे यंत्र आहे, ती चालली तरच ती स्वतःला समजावून सांगते. ब्रेक, टायर, तारा, पेट्रोलच्या नळ्या यांत तडजोड नको. त्यात अस्सलपणाचा हट्ट धरणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो. मॅग्नेटोचे वेटोळे मी त्याच न्यायाने बदलले, आणि काढलेले जुने वेटोळे तारीख लिहून डब्यात ठेवले आहे. झिजणारी वस्तू झिजली की बदलणे हा तिच्या आयुष्याचाच भाग. जे झिजलेले नाही, जे गाडीच्या चालण्याच्या आड येत नाही, ते केवळ डोळ्यांना खुपते म्हणून पुसणे, आक्षेप त्याला आहे.

१९/
'बाहेर सगळे असेच करतात.' बाहेर म्हणजे इंग्लंडमध्ये ना? तिथे १८७७ साली विल्यम मॉरिसने जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली, ती कोणापासून वाचवण्यासाठी? पाडणाऱ्यांपासून तर होतीच, पण मुख्यतः जीर्णोद्धार करणाऱ्यांपासून. मध्ययुगीन चर्चांचा गिलावा खरवडून त्यांना 'मूळ' रूप देणाऱ्या वास्तुविशारदांनी उच्छाद मांडला होता. या संस्थेचे टोपणनावच 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवड-विरोधी. पुढे १९२३ साली जॉन मार्शलने आपल्या पुरातत्त्व खात्यासाठी जतनाची जी नियमपुस्तिका लिहिली, तिचा भरही नव्याने घडवण्यापेक्षा असलेले राखण्यावरच आहे. आपण इंग्रजांची मोटारसायकल उचलली आणि त्यांचा हा वाद तेवढा तिथेच ठेवला.

२०/
'पण कायदाच मूळ स्वरूप मागतो.' खरे आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा-इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आधी नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक ठेवता येतो. हेतू चांगला आहे. पण मूळ स्वरूप कोणत्या दिवसाचे? १९४३ चे, लष्करी लिलावानंतरचे, की १९६३ चे? हा प्रश्न विचारायचे काम अधिकाऱ्याचे नाही, आपले आहे.

२१/
दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत, त्यांनाही सोडत नाही. मिठाचे पाणी मारून नवा गंज चढवायचा, नव्या रंगाला घासून 'म्हातारा' करायचा आणि दुप्पट किमतीला विकायचे. चहाच्या पाण्यात कागद बुडवून 'शिवकालीन पत्र' करणाऱ्यांचे हे भाऊबंद. आणि इंजिनाचा क्रमांक घासून सांगाड्याशी जुळणारा नवा ठोकणारे तर सरळ बनावट शिक्का मारणारे आहेत. तो फौजदारी गुन्हाही आहे.

२२/
गाडी रंगवून मिरजेला नेली, क्रोमसकट. (हो, क्रोमसकट. मी तेव्हा तसाच होतो.) आजीला बाहेर बोलावले. तिने चष्मा पुसला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, 'कुणाची रे ही?'
मी सांगितले. तिने मागच्या चाकाजवळ हात फिरवला, जिथे कड्या होत्या तिथे. काही बोलली नाही. आत गेली.

२३/
आपल्यापैकी कोणाच्या घरी, गोठ्यात, गिरणीमागे अशी एखादी गाडी असेल तर एक विनंती. धुण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे काढा. प्रत्येक पोचा, वेल्ड, न जुळणारा बोल्ट याची नोंद करा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याविषयी विचारा. आधी त्यांना, मग इंटरनेटला. रंग काढायचाच असेल तर एखाद्या झाकल्या कोपऱ्यात दोन बोटांएवढा भाग पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून थर पाहा. काढलेले काहीही फेकू नका. आणि जमल्यास ती छायाचित्रे या धाग्याखाली टाका. लष्करी क्रमांक सापडला तर विशेषच.

२४/
माझ्या गाडीचे क्रोम मी उतरवून घेतले आहे. टाकी सध्या नुसत्या प्रायमरवर आहे, कोणता रंग द्यायचा ते ठरत नाही. हत्यारपेटीचे झाकण जसे होते तसेच, पाच वलयांच्या कोपऱ्यासह, पुन्हा जागेवर बसवले. फार दिवस उभी राहिली की वरच्या टाकीतले सगळे तेल इंजिनाच्या पोटात उतरते, म्हणून दर रविवारी ते काढावे लागते. न काढता किक मारली तर गल्लीभर निळा धूर.
मिस्त्री म्हणतात, मापे सांगा, जुन्या होत्या तशाच हुबेहूब कड्या वेल्ड करून देतो. कोणाला कळणारही नाही, म्हणतात. मी अजून हो म्हटलेले नाही.